अंकांचे कारभारी : जॉन पोस्टेल

चव्हाट्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यास वाट दाखविणारा मनुष्य जें काम करतो, तेंच काम संगणकांच्या जाळ्यांत राउटर नांवाचें यंत्र करीत असतें. आलेल्या प्रत्येक संदेशावरील पत्त्याचे अंक वाचून तो पुढें कोणत्या वाटेनें धाडावयाचा, हें तें ठरवितें. त्याचा कारभार पाहणारा तंत्रज्ञ पुष्कळदां शेंकडों मैल दूर बसलेला असतो. समोरच्या काळ्या पडद्यावर तो एकेक ओळीची आज्ञा लिहितो, आणि यंत्र ती तत्काळ पाळतें. एखादा अंक चुकला तर त्याची स्वतःचीच वाट बंद होते. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणाऱ्यासारखी त्याची गत होते, आणि मग उठून यंत्रापाशीं जाण्यावांचून उपाय उरत नाहीं. या आज्ञांतील पत्त्यांचे अंक दोघांस एकच दिले गेले तर केवढा घोंटाळा माजेल, हें सांगावयास नकोच. अशा अंकांची वही पाव शतकाहून अधिक काळ ज्यांनीं सांभाळली, ते गृहस्थ म्हणजे जॉन पोस्टेल.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत आल्टाडेना येथें झाला. लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतून त्यांनीं १९६६ मध्यें पदवी घेतली व १९७४ मध्यें ते डॉक्टर झाले. या दोन सालांमध्यें जें घडलें तें मात्र पदव्यांहून मोठें होतें. १९६९ मध्यें आर्पानेट या जाळ्याचें पहिलें यंत्र त्याच विद्यापीठांत येऊन बसलें. कपाटाएवढें हें यंत्र आजच्या राउटरचें पूर्वज होय; आणि गंमत अशी कीं, देशाच्या दुसऱ्या टोकास केंब्रिज शहरांत बसलेले त्याचे कर्ते तेथूनच त्याची दुरुस्ती करूं शकत. पोस्टेल, व्हिंटन सर्फ व स्टीफन क्रॉकर हे एकाच हायस्कुलांतून आलेले तिघे विद्यार्थी तेथें जाळ्याचे नियम ठरविण्याच्या कामास लागले. क्रॉकर यांनीं अभिप्राय मागविणारीं क्रमांकित पत्रकें काढण्यास आरंभ केला. त्यांचें संपादन पुढें पोस्टेल यांजकडे आलें व मरेपर्यंत त्यांजकडेच राहिलें.

१९७२ मध्यें त्यांनीं एका पत्रकांत सुचविलें कीं, कोणत्या कामास कोणता अंक द्यावयाचा याची नोंद कोणी तरी एकानें ठेवावी, आणि तें कोणी नसेल तर आपण ठेवूं. हें काम कोणत्याही कायद्यानें त्यांजकडे आलेलें नव्हतें. लोक अंक मागत व ते लिहून देत. त्यांचा शब्द सर्वांस पटे, एवढाच त्यांचा अधिकार. लांब दाढी, पायांत चपला, आणि सवड सांपडली कीं सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पायीं भटकणें, असा हा मनुष्य होता.

१९८१ मध्यें आजच्या इंटरनेटचे मूळ नियम त्यांच्या संपादनाखालीं प्रसिद्ध झाले. त्या नियमांप्रमाणें १ जानेवारी १९८३ रोजीं सर्व जाळें जुनी रीत टाकून नव्या रीतीवर आलें. त्या स्थलांतराची योजनाहि त्यांनींच लिहिली होती. त्याच वर्षीं जॉइस रेनॉल्ड्स या सहकारिणीसह त्यांनीं टेलनेटचे नियम लिहिले. दूरच्या यंत्रास आज्ञा लिहून पाठविण्याची रीत ती हीच, व पुष्कळ वर्षें राउटरांचा कारभार तिच्यावरच चालला. तींत एक उणीव होती : सांकेतिक शब्द उघडाच तारेवरून जाई, आणि मध्यें कोणी कान लावून बसला तर त्यास तो सहज सांपडे. १९९५ मध्यें फिनलंडच्या टाटू युलेनेन यांनीं एसएसएच ही गुप्त रीत काढली. फायलींची २१ व टेलनेटची २३, यांमधील मोकळी २२ ही संख्या त्यांनीं पोस्टेल यांच्याच कार्यालयाकडे मागितली व ती त्यांस मिळाली.

स्वतः पाठविणें तें नियमास धरून काटेकोर असावें व दुसऱ्याचें येईल तें उदार बुद्धीनें स्वीकारावें, असा त्यांचा दंडक होता. अशा औदार्यानें चुका झांकल्या जातात, असा आक्षेप पुढें कांहीं तज्ज्ञांनीं घेतला, आणि तो अगदींच निराधार नाहीं.

त्यांच्या आयुष्यांतील एकच प्रसंग वादाचा ठरला. नांवांवरून पत्ते शोधून देणारीं जीं मूळ यंत्रें जगांत आहेत, त्यांची मुख्य प्रत अमेरिकन सरकारशीं करार केलेल्या एका कंपनीकडे असे. २८ जानेवारी १९९८ रोजीं पोस्टेल यांनीं बारा दुय्यम यंत्रांपैकीं आठांच्या चालकांस पत्र लिहून, मुख्य प्रत यापुढें आपल्या यंत्रावरून घ्यावी असें कळविलें. आठांनींहि तसा बदल केला. सामान्य माणसास कांहीं जाणवलें नाहीं, पण वॉशिंग्टन हादरलें. सरकारचा दाब येतांच आठवड्याच्या आंत सर्व पूर्ववत् झालें, आणि ही केवळ चांचणी होती असें पोस्टेल यांनीं सांगितलें. चांचणी असो वा निषेध, आठ शहाण्या माणसांनीं केवळ त्यांच्या पत्रावरून यंत्रांची दिशा फिरविली, यावरून त्यांच्या शब्दाचें वजन कळतें. तथापि अशी सत्ता एकाच मनुष्याच्या हातीं असावी काय, हा सरकारचा प्रश्नहि खोटा नव्हता.

तें काम एका स्वतंत्र संस्थेकडे सोंपवावें असें ठरून सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणींत पोस्टेल यांनीं स्वतः कष्ट घेतले. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर १६ ऑक्टोबर रोजीं, वयाच्या ५५ व्या वर्षीं, लॉस अँजेलिस येथें त्यांचा अंत झाला. सर्फ यांनीं लिहिलेला त्यांचा मृत्युलेख त्यांच्याच पत्रकमालेंत २४६८ या क्रमांकानें प्रसिद्ध झाला.