वंदन करणारे झाड

आचार्य जगदीशचंद्र बसू यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. वडील सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलास फरीदपूरच्या बंगाली पाठशाळेतच घातले. तेथे कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या मुलांशेजारी बसून बालक जगदीशाने पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या कथा ऐकल्या. सृष्टीकडे निरखून पाहण्याचे वेड त्यास तेथेच लागले.

त्याच फरीदपूरजवळ खजुरीचे एक कललेले झाड होते. सायंकाळी देवळातील घंटा वाजे तेव्हा ते मस्तक लववी आणि सकाळी पुन्हा वर उठे. लोक भाविकपणे त्याच्या दर्शनास येत. आचार्यांनी या श्रद्धेची थट्टा केली नाही. पण डोळे मिटून ती स्वीकारलीही नाही. परक्या यंत्राच्या स्पर्शाने झाडाचा प्रभाव नष्ट होईल, असे भय त्याच्या मालकास वाटे. यंत्र स्वदेशी असून ते एका पुरोहिताचा पुत्रच लावील, असे सांगून आचार्यांनी त्याची संमती मिळविली.

अहोरात्र नोंद झाली. झाड क्षणभरही स्थिर नव्हते. दिवसाच्या तापाने ते झुके, रात्रीच्या गारव्याने उठे. पुढे झाड मेले, तेव्हा ही हालचालही थांबली. ती प्राणाचीच खूण होती. चमत्कार मावळला, पण विस्मय दुणावला.

१९१७ साली कलकत्त्यास स्थापिलेल्या आपल्या संशोधनसंस्थेस आचार्यांनी मंदिरच मानले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते निवर्तले.

तुळशीला नित्य पाणी घालणाऱ्या गृहस्थाने क्षणभर थांबून तिची पाने केव्हा टवटवतात, केव्हा मलूल होतात, हेही पाहावे. ज्यास आपण पूजितो त्यास नीट पाहणे, हीही पूजाच होय.