कच्चं मडकं

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं गाव. जन्म परंपरेने १२७० चा. तेरच्या गोरोबाकाकांनी मडकी तपासायच्या थापटण्याने संतांची डोकी थापटली, अशी कथा आहे. बाकीचे गप्प राहिले, नामदेव भडकले आणि कच्चे ठरले. रुसून ते विठ्ठलाकडे गेले. त्याने औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडलं. तिथे विसोबांचे पाय पिंडीवर! नामदेव पुन्हा चिडले. पण पाय उचलून ठेवावेत तिथे पिंडच दिसू लागली. राग विरघळला, गुरू भेटले. पुढे गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आली.

बँकेच्या काउंटरवर मीही पुष्कळदा भडकलोय. आता राग आला की मडकं अजून कच्चंय हे ओळखतो, आणि दोन मिनिटं गप्प बसतो.