द्राविड भूमीतील पूर्व-बौद्ध : पंडित अयोथीदास

धर्मांतराला इतकी वर्षे लोटली तरी आपल्या उपासकांना एक प्रश्न हटकून विचारला जातो. देव सोडले, सण सोडले, मग तुमची संस्कृती कोणती? हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मद्रासेतील एका सिद्ध वैद्याला पडला होता. त्या पंडित अयोथीदासांचे नाव महाराष्ट्रातील बौद्धांना अजून पुरेसे परिचित नाही, ही आपलीच उणीव होय.

२० मे १८४५ रोजी मद्रास इलाख्यात एका परैयर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव काथवरायन. पुढे श्रद्धेपोटी त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव धारण केले. आजोबा कंदप्पन एका इंग्रज साहेबाकडे बटलर होते. घरात जपलेली तिरुक्कुरळची ताडपत्रे या आजोबांनीच इंग्रज अधिकारी एलिस यांच्यापर्यंत पोहोचविली, असे अयोथीदासांनी नोंदवून ठेवले आहे. ज्यांना अडाणी ठरवून गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्याच घरात तमिळ भाषेचा हा ठेवा होता, हे नातू कधी विसरला नाही.

आरंभी त्यांचा मार्ग सुधारणेचा होता. १८९१ साली त्यांनी निलगिरीत द्राविड महाजन सभेची परिषद भरविली. १८९२ मध्ये मद्रासच्या महाजन सभेत त्यांनी विष्णुमंदिरात प्रवेश मागितला, तेव्हा सभेत गोंधळ झाला आणि शिव-विष्णू तुमचे देव नव्हेत, असे त्यांना तोंडावर सुनावण्यात आले. त्यांनी वाद घातला नाही. तुमचे देव तुम्हालाच लखलाभ होवोत, आमच्या मुलांना शाळा आणि आमच्या लोकांना पडीक जमिनी द्या, एवढेच मागितले. आपल्याकडे काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली झाला. ज्यांनी ती पाच वर्षे अनुभवली, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

१८९८ साली कर्नल ऑलकॉट यांच्यासह ते सिंहलद्वीपास गेले, सुमंगल महास्थविरांच्या हस्ते पंचशील घेतले आणि परत येऊन मद्रासेत शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. कोलारच्या सोन्याच्या खाणींत राबणारे मजूर आणि रंगूनला गेलेले तमिळ कामगार यांच्यातही शाखा उभ्या राहिल्या.

१९०७ मध्ये त्यांनी 'ओरु पैसा तमिळन' हे साप्ताहिक सुरू केले. नावातच किंमत होती! वर्षभराने ते नुसते 'तमिळन' झाले. तो काळ स्वदेशीच्या गर्जनांचा होता. मात्र ज्या स्वदेशात माणसाला विहिरीचे पाणी मिळत नाही, तो कोणाचा स्वदेश, असे हे पत्र विचारीत असे. परैयर हे नीच नसून पूर्व-बौद्ध होत, बौद्ध धर्माच्या पाडावानंतर त्यांना अस्पृश्य ठरविले गेले, असा त्यांचा सिद्धान्त होता. खरा ब्राह्मण म्हणजे शीलवान भिक्खू, बाकीचे वेषधारी, असे ते मांडीत. दीपावलीचे मूळसुद्धा त्यांनी तिळाच्या तेलाच्या शोधात दाखविले. म्हणजे सण टाकून न देता त्यांतील पुराणकथा तेवढी काढून टाकावयाची, अशी ही रीत. आपल्या चळवळीने बावीस प्रतिज्ञांचा सरळ मार्ग धरला. मला तोच अधिक निर्धोक वाटतो, पण त्यांच्यापुढील अडचण खरी होती, कारण लोकांच्या घरातील दिवे एका आज्ञेने विझत नसतात.

त्यांच्या सर्वच व्युत्पत्त्या इतिहासाच्या कसोटीस उतरणार नाहीत. आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे धम्माला धरून होणार नाही. चक्किलियर वगैरे जातींना ते आपल्या पूर्व-बौद्धांत घेत नव्हते, उलट त्यांच्याविषयी कमीपणाने लिहीत. जातीवर एवढा घाव घालणाऱ्याच्या मनातही उतरंडीची एक पायरी शिल्लक राहिली होती. आपल्या वस्त्यांतून पोटजातीच्या सोयरिकी अजून पाहिल्या जातात, म्हणून हे लिहावे लागते.

५ मे १९१४ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी तरुण भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होत, असे प्रतिपादन करणारा बाबासाहेबांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अयोथीदासांचे एकेकाळचे सहकारी प्रा. लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध धर्मावरील ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, आणि तिला प्रस्तावना बाबासाहेबांनी लिहिली.