मोजणीची रीत बदलणारे सत्येंद्रनाथ बोस

आनेकल (बंगळुरू) : आनेकल ज्या बंगळुरू नागरी जिल्ह्यात येते, तेथील रामन संशोधन संस्थेत लेसरच्या साहाय्याने अतिशीत केलेल्या अणूंचा व त्यांच्या टकरींचा अभ्यास चालतो. या शास्त्राचे एक मूळ ढाक्यात आहे.

१ जानेवारी १८९४ रोजी कोलकात्यात जन्मलेले सत्येंद्रनाथ बोस ढाका विद्यापीठात अध्यापन करीत होते. प्रकाशकण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून त्यांची मोजणीही निराळ्या रीतीने व्हावी, असा त्यांचा विचार होता. इंग्लंडमधील नियतकालिकाने लेख छापला नाही, तेव्हा १९२४ मध्ये त्यांनी तो थेट आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला. पुढे हीच मोजणी अणूंना लावून, अतिशीत अवस्थेत असंख्य अणू एकाच स्थितीत एकवटतील, असे भाकीत त्यांनी केले.

१९९५ मध्ये अमेरिकेत रुबिडियमच्या अणूंवर ते खरे ठरले. टकरींत अधिक ऊर्जा मिळालेले अणू सापळ्याबाहेर पडत गेले आणि उरलेले थंडावत गेले. या कार्याला २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

डॉक्टरेट नसलेल्या बोस यांना तो सन्मान लाभला नाही. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. निसर्गातील कणांचा एक संपूर्ण वर्ग मात्र आज त्यांच्याच नावाने, बोसॉन म्हणून, ओळखला जातो.