नगरांचा वैद्य : सर पॅट्रिक गेडिस



जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ता काढणे आणि डास वाढतात म्हणून तळे बुजवणे यालाच सुधारणा म्हणण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या रीतीला हरकत घेणाऱ्या एका स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाची ही जीवनकथा आहे.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी बॅलटर येथे झाला. वडील सैन्यात होते. घर भाविक होते आणि मुलाने पाळक व्हावे अशी आईची इच्छा होती. पर्थजवळच्या टेकडीवर त्यांचे घर होते. ताबोर पर्वताचे नाव मिळालेल्या त्या घराच्या बागेत पित्याबरोबर राबताना मुलाला झाडांची गोडी लागली. पुढे लंडनमध्ये हक्सली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावरचे काम मागे पडले. मग वनस्पती पाहणारी ती नजर मनुष्यवस्तीकडे वळली.

१८८६ मध्ये अॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लवकरच हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ भागात जाऊन राहिले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी घरे स्वच्छ केली, रंगवली आणि मोकळ्या जागी बागा केल्या. रोगी भाग तेवढाच काढावा आणि निरोगी भाग जपावा, ही त्यांची नगररचनेची पद्धत याच कामातून घडली.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांच्या नगरविषयक प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. तरीही नवे साहित्य जमवून १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलेच. नंतर अनेक शहरे त्यांनी पायी फिरून पाहिली. तंजावरसारख्या गावी सरळ रस्त्यासाठी घरे पाडण्याऐवजी पडक्या जागा मोकळ्या कराव्यात आणि तेथे झाडे लावावीत, असे त्यांनी सुचवले. त्यामुळे खर्च वाचे आणि गरिबांचा निवाराही टिके. तळी बुजवू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. तळी हवा थंड राखतात. ती स्वच्छ ठेवून त्यांत मासे व बदके सोडली, तर डासांच्या अळ्या आपोआप आटोक्यात राहतात, असे त्यांचे म्हणणे होते.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अॅलस्टर फ्रान्समध्ये युद्धात पडला. अॅना त्या वेळी भारतात आजारी होत्या, म्हणून त्यांना ती वार्ता सांगितली नाही. जूनमध्ये त्याही निवर्तल्या. एवढे दुःख पचवून गेडिस इंदूरच्या कामाला लागले. तेथे प्लेगचे भय होते. ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ असतील, त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर केले. लोकांनी शहर झाडून काढले. इंदूरविषयीचा त्यांचा द्विखंडी अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या मागून तो विभाग डॉ. गो. स. घुर्ये यांनी सांभाळला. १९३२ मध्ये गेडिस यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी फ्रान्समधील माँपेल्ये येथे त्यांचा देहान्त झाला.

वाचकहो, आपल्या मंडळीच्या किंवा मिशनच्या आवारात एखादी जुनी विहीर असेल, चिंचेचे झाड असेल, कडेला गरिबांच्या चार खोल्या असतील. नव्या इमारतीचा ठराव होईल, तेव्हा आधी ते आवार पायी फिरून पाहा. काय काढायचे ते मग ठरवा.