कॅरेन कार्पेंटर: अॅनोरेक्सियाने घेतलेला एक आवाज

‘क्लोज टू यू’ हे १९७० चं गाणं तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. ते गाणारी अमेरिकी गायिका कॅरेन कार्पेंटर ४ फेब्रुवारी १९८३ रोजी गेली, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी. कारण होतं अॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या तीव्र भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार. यात भूक लागत नाही असा समज आहे. भूक लागते, रुग्ण ती दाबतो.

कॅरेन मुळात ड्रम वाजवायची. सतराव्या वर्षी तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिलं डाएट केलं, वजन उतरलं, तोवर काही बिघडलं नव्हतं. पुढे भाऊ रिचर्डबरोबर प्रसिद्धी मिळाली, ड्रममागून उठून रंगमंचावर पुढे उभं राहावं लागलं, आणि १९७३ च्या सुमारास पुन्हा सुरू झालेलं डाएट थांबलंच नाही. १९७५ मध्ये वजन ४१ किलोच्या आसपास आलं. ब्रिटन आणि जपानचे दौरे रद्द झाले.

तुम्ही म्हणाल, घरच्यांना दिसलं नाही? दिसत होतं. ते खाण्याचा आग्रहही करायचे. पण आग्रहाने, रागावून हा आजार हटत नाही. ती जुलाबाची औषधं घेत होती, थायरॉइड ठीक असताना त्याच्या गोळ्याही.

१९८२ मध्ये तिने न्यूयॉर्कला उपचार घेतले. रुग्णालयात शिरेतून पोषण दिल्यावर वजन वाढलं, सगळ्यांना हायसं वाटलं. पण हृदय आधीच दुबळं झालं होतं. काही महिन्यांतच ती आईवडिलांच्या घरी कोसळली.

हे का होतं, याचं एकच उत्तर नाही. आनुवंशिकता, सगळं अचूक हवं असा स्वभाव, चिंता, शरीरावरून मारलेले शेरे, आणि उपासमारीमुळे मेंदूत होणारे बदल, हे सगळं एकत्र येतं. त्यामुळे ‘आईचंच चुकलं’ हा निष्कर्ष मला मान्य नाही.

तुमच्या घरात कोणी जेवण टाळत असेल, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जात असेल, पाळी बंद झाली असेल किंवा चक्कर येत असेल, तर वजन ठीक दिसलं तरी डॉक्टरांकडे या. नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम पहिल्याच भेटीत तपासून घ्या; मानसोपचारतज्ज्ञांची वेळही त्याच आठवड्यात ठरवा. बेशुद्धी किंवा छातीत धडधड असेल तर थेट रुग्णालयात न्या.