पांढरीचे वय वाचणारे आचार्य : डॉ. सांकलिया

जुन्या गावांना बहुधा एक पांढरी असते. तीत खापरे निघाली की कोणी ती पांडवकालीन म्हणतो, कोणी यादवकालीन. असे तर्क बाजूस सारून मातीलाच साक्षीस उभे करण्याची विद्या महाराष्ट्रात ज्यांनी रुजविली, त्यांत डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म 10 डिसेंबर 1908 रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादून ते स्वदेशी परतले व 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे अध्यापक झाले.

1954 साली त्यांनी प्रवराकाठच्या नेवासे येथे उत्खनन आरंभिले. शके 1212 मध्ये श्रीज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली, ते हे क्षेत्र आपणां सर्वांस वंदनीय आहे. परंतु तेथील वस्ती त्याहून कितीतरी प्राचीन निघाली. वर मुसलमानी व मराठा अमदानीचे अवशेष, त्याखाली सातवाहनांची नाणी व रोमन कुंभांची खापरे, त्याहून खाली रंगीत भांडी व तांब्याची हत्यारे वापरणारांची वस्ती. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा पहिला नियम. नाण्यावरील राजाच्या नावाने थराचा काळ ठरे आणि त्याच थरातील मुक्या खापरासही तोच काळ लाभे.

नाणे नसेल तेथे कोळसा बोलतो. झाड जिवंतपणी हवेतून कर्ब घेते; त्यातील किरणोत्सारी अंश झाड मेल्यावर सुमारे 5730 वर्षांत निम्मा होतो. उरलेला अंश मोजून नेवाशाची ती वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ठरली.

त्यांच्या परंपरेतील संशोधक पुढे आपल्या जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातही आले. सध्या यादगीर जिल्ह्यात असलेल्या हुणसगी खोऱ्यात, इसामपूर येथे दगडी हत्यारांसोबत जनावरांचे दात सापडले. दातांच्या कवचाच्या परीक्षेवरून ते स्थळ सुमारे 12 लाख वर्षांपूर्वीचे ठरले.

1974 साली पद्मभूषण लाभलेले हे आचार्य 28 जानेवारी 1989 रोजी पुण्यात निवर्तले.

त्यांच्या कार्याचा बोध आपल्या उंबरठ्याशीच आहे. माळवदासाठी वा शेतासाठी पांढरी उपसली की थर मोडतात. मग वस्तू हाती राहते, पण तिचे वय कायमचे हरपते. सभासद बंधुभगिनींनी जुने खापर, नाणे वा कोरीव शिळा दिसल्यास ती जागची न हलविता पुरातत्त्व खात्यास कळवावे. पूर्वजांची ओळख राखणे हीही एक सेवाच होय.